‘फॅनी पॉवर’ ही आयरिश धून ‘पारंपरिक’ कशी काय?

गिटारवाली

गिटारच्या वर्गात सध्या ‘फॅनी पॉवर’ नावाची आयरिश धून घेतली आहे. मूळ हार्प या तंतुवाद्यावरची. दोन भाग, प्रत्येकी आठ बारचे, सहा-आठचा ताल. पहिला भाग शांतपणे चालत राहतो, दुसरा वर चढतो आणि अलगद मूळ स्वरावर उतरतो. काही केल्या डोक्यातून जात नाही.

नोटेशनच्या कागदावर रचनाकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असं छापलंय. दुसऱ्या एका पुस्तकात हीच धून ‘प्लँक्स्टी फॅनी पॉवर’ म्हणून आहे आणि खाली ओ'कॅरोलन हे नाव. सरांना विचारलं तर म्हणाले, आश्रयदात्याच्या सन्मानासाठी केलेल्या धुनेला प्लँक्स्टी म्हणतात.

इतकी नेटकी चाल लोकांच्या हातांतून फिरून आपोआप घडते हे मला पटत नाही. कुणीतरी एकाने ती बसवली असणार. मग पारंपरिक का लिहितात? ही फॅनी कोण? तिने असं काय केलं की तिच्या नावाने धून व्हावी? वर्गाचा एक छोटा कार्यक्रम आहे आणि पत्रिकेत मला योग्य श्रेय द्यायचं आहे. इथे हार्पबद्दल कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा.

केळफूल

वाचतेय. आत्ताच ऐकली. कसली गोड आहे!

लीट्रिमकर

धागा पाहून फार आनंद झाला. मी आयर्लंडमध्ये लीट्रिम परगण्यात राहतो. कॅरोलन लग्नानंतर याच परगण्यातल्या मोहिल गावात राहिला, त्यामुळे इकडे त्याचं नाव सारखं कानावर पडतं. थोडं सविस्तर लिहितो.

टर्लो ओ'कॅरोलनचा जन्म १६७० चा, मीथ परगण्यातल्या नॉबरजवळचा. घरची परिस्थिती बेताची. वडील कामासाठी रॉसकॉमनकडे आले आणि मॅकडरमॉट रो घराण्याच्या पदरी राहिले. त्या घरच्या बाईंनी, मेरी मॅकडरमॉट रो यांनी, मुलाची हुशारी ओळखून त्याला शिकवलं. अठराव्या वर्षी देवी आल्या आणि त्याचे डोळे गेले. बाईंनी त्याला हार्पच्या शिक्षकाकडे ठेवलं. तीन वर्षं शिकून झाल्यावर एक हार्प, एक घोडा, वाट दाखवायला सोबत एक माणूस आणि थोडे पैसे देऊन वाटेला लावलं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. तिथून १७३८ पर्यंत हा माणूस वाड्यावाड्यांतून फिरत राहिला. ज्या घरी मुक्काम, त्या घरच्या कुणाच्या तरी नावाने धून.

आता फॅनी. ती खरी मुलगी होती. गॉलवे परगण्यात लॉखरे गावाजवळ कूरहीन म्हणून ठिकाण आहे, तिथल्या डेव्हिड पॉवर यांची मुलगी फ्रान्सिस, म्हणजेच फॅनी. १७३२ मध्ये तिचं लग्न बॅलिनस्लोजवळच्या गारबलीच्या रिचर्ड ट्रेंचशी झालं. त्यांचा मुलगा विल्यम पुढे क्लँकार्टीचा पहिला अर्ल झाला. धून लग्नाच्या आधीची आहे, कारण तिच्यासोबत आयरिश भाषेतलं गाणं आहे आणि त्यात कॅरोलन म्हणतो की हिच्या लग्नात नाचल्याशिवाय मला मरण येऊ नये.

म्हणजे तुमचा अंदाज बरोबर आहे. रचनाकार माहीत, जिच्यासाठी रचली ती माहीत, गाव माहीत, आणि १७३२ च्या आधीची हेही माहीत. एवढं सगळं ठाऊक असताना ‘पारंपरिक’ लिहिणं मलाही खटकतं.

पाऊलवाट

म्हणजे हार्पच्या या धुनांना शब्दही होते? मी आजवर फक्त वाद्यावरच ऐकल्यात.

लीट्रिमकर

बऱ्याच धुनांना होते. काहींचे शब्द हाती लागलेत, पुष्कळांचे लागले नाहीत.

आयर्लंडच्या जुन्या सरदारी दरबारात ही कामं वाटलेली असत. कविता करणारा कवी वेगळा, ती सभेत म्हणणारा वेगळा आणि साथीला हार्प वाजवणारा वेगळा. मान कवीचा सगळ्यात मोठा. कॅरोलनच्या वेळेपर्यंत तो दरबार मोडला होता, मग एकाच माणसाने तिन्ही कामं उचलली. त्यातही त्याने क्रम उलटा केला. तो आधी चाल बांधायचा, बहुतेक वेळा पुढच्या मुक्कामाच्या वाटेवर घोड्यावर असताना, आणि शब्द मागाहून जुळवायचा. त्याच्या कविता तिकडचे जाणकार दुय्यम मानतात, पण चाली अजून वाजतात.

फॅनीच्या गाण्यात मला फार आवडणारी एक जागा आहे. शेवटाकडे तो म्हणतो, हुंडा न मागता जो या गोऱ्या हातांच्या मुलीला पत्करेल, त्या माणसाची मला कधी काळजी वाटणार नाही.

केळफूल

तीनशे वर्षांपूर्वी, एका अंध माणसाच्या तोंडी ‘हुंडा न मागता’! गिटारवाली, हे तुमच्या कार्यक्रमात नक्की सांगा.

शंकासुर

विरोधी सूर लावतो, रागावू नका. आश्रयदाता बिदागी देणार, कलावंत त्याच्या मुलीचं कौतुक गाणार. याला आपल्याकडे भाटगिरी म्हणतात. धून गोड असेल, पण ‘सन्मान’ वगैरे शब्द मोठे वाटतात. फॅनीने काय केलं, या प्रश्नाचं उत्तर तर ‘काहीच नाही’ असंच दिसतंय. ती श्रीमंताच्या घरी जन्माला आली एवढंच.

दोन_तंबोरे

शंकासुर, मुद्दा रास्त आहे, पण काळ बघायला हवा.

१६०१ ला आयरिश सरदार इंग्रजांविरुद्धची किन्सेलची लढाई हरले आणि १६०७ मध्ये उत्तरेकडचे मोठे सरदार देश सोडून गेले. १६५० च्या दशकात क्रॉमवेलच्या राजवटीत जमिनी हिसकावल्या गेल्या. १६९१ मध्ये पदच्युत कॅथलिक राजा जेम्सच्या बाजूने लढणारे पुन्हा हरले. त्यानंतर कॅथलिकांवर एकामागून एक निर्बंध आले. जमीन विकत घेता येणार नाही, ३१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा मिळणार नाही. १६९५ च्या कायद्याने तर पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा बाळगायलाही बंदी. कॅरोलनला घोडा मिळाला तो याच्या जेमतेम चार वर्षं आधी.

अशा वेळी हार्पवाल्याला पोसणारी घरं स्वतःच ओढाताणीत होती. मॅकडरमॉट रो, बेलनगारचे ओ'कॉनर ही जुनी आयरिश घराणी आपल्या उरल्यासुरल्या जमिनीवर तग धरून होती. त्यांनी हार्प वाजवणाऱ्याला ताटावर बसवून घेणं म्हणजे आपण अजून कोण आहोत हे स्वतःला सांगणं होतं. मला त्यात लाचारी दिसत नाही.

आणि दुसरी बाजूही आहे. त्याच्या धुना फक्त जुन्या कॅथलिक घरांसाठी नाहीत. ‘प्लँक्स्टी अर्विन’ ज्याच्यासाठी आहे तो कर्नल जॉन अर्विन स्लायगो परगण्यातल्या टॅनरेगोचा, फ्लँडर्सच्या लढायांत इंग्रजांच्या बाजूने लढून आलेला. फॅनीचं सासर ट्रेंच, तेही नव्या सत्तेच्या बाजूचं घर. कायद्याने ज्यांना एकमेकांपासून तोडलं होतं अशा दोन्हीकडच्या घरांत हा माणूस जात होता आणि दोन्हीकडे त्याचं स्वागत होत होतं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

शंकासुर

माहितीबद्दल आभार. इतिहास पटला. तरी स्तुती ती स्तुतीच, यावर मी ठाम आहे.

खर्जातला

दोन_तंबोरे यांचा प्रतिसाद वाचताना आपला पोवाडा आठवला. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाने गायला तेव्हा त्याला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला असं परंपरा सांगते. तिथेही घोडा!

पण फरक मोठा आहे. पोवाड्याला पराक्रम लागतो, प्रसंग लागतो. प्लँक्स्टीला फक्त माणूस पुरतो. फॅनी सुंदर आहे, तिची चाल डौलदार आहे, ती डेव्हिडची मुलगी आहे, बस्स. शंकासुर ज्याला ‘काहीच केलं नाही’ म्हणतात तेच मला या प्रकारात आवडलं. लढाई न जिंकलेल्या मुलीच्या नावानेही चाल होऊ शकते.

त्याच्या जास्त जवळचं बघायचं तर बंदिशी बघा. दिल्लीचा बादशहा मुहम्मदशहाची कारकीर्द १७१९ ते १७४८, त्याच्या दरबारात बंदिशी रचणारा सदारंग. ख्यालांमध्ये आजही आपण ‘सदारंगीले मोमदसा’ गातो. गाणाऱ्याला दिल्लीच्या तख्ताशी काही देणंघेणं उरलेलं नाही, पण नाव बंदिशीत बसलंय ते बसलंय. सदारंग आणि कॅरोलन एकाच काळातले, हे आज पहिल्यांदाच लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

पाऊलवाट

+१. ‘फक्त माणूस पुरतो’ हे फार आवडलं.

गिटारवाली

सगळ्यांचे मनापासून आभार! लीट्रिमकर दादा, एक विचारायचं होतं. ‘प्लँक्स्टी’ हे नाव त्याने स्वतः दिलं होतं का? काही पुस्तकांत आहे, काहींत नाही.

लीट्रिमकर

बहुतेक ठिकाणी ते नंतरच्या छापणाऱ्यांनी लावलेलं आहे. डब्लिनमध्ये जॉन आणि विल्यम नील यांनी १७२४ च्या सुमारास आयरिश चालींचा पहिला छापील संग्रह काढला, त्यात कॅरोलनच्या चाली आहेत. तो तेव्हा हयात होता. प्लँक्स्टी हा शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या संग्रहांत जास्त दिसू लागतो. त्याच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून त्यात शिरत नाही. पत्रिकेत नुसतं ‘फॅनी पॉवर’ लिहिलंत तरी बिनचूक आहे. काही जुन्या संग्रहांत तीच चाल ‘मिसेस ट्रेंच’ या नावाने येते, कारण नंतर ती ट्रेंच झाली.

अजून एक. तिच्या आईच्या नावानेही धून आहे! ‘मिसेस पॉवर’. जगभर ती ‘कॅरोलन्स कॉन्चेर्तो’ म्हणून ओळखली जाते. त्या काळी डब्लिनमध्ये इटालियन संगीताची फार ओढ होती, कोरेल्ली, विवाल्दी सगळीकडे वाजत होते, आणि कॅरोलनला ते मनापासून आवडायचं. कॉन्चेर्तोमध्ये ते स्वच्छ ऐकू येतं. लेकीची चाल मात्र पूर्ण आयरिश वळणाची. एकाच घरातल्या दोघींसाठी दोन वेगळी वळणं. दोन्ही लागोपाठ ऐका.

केळफूल

ऐकल्या. आईची जास्त ऐटबाज आहे. 😊

आडवाटेचा_वाटसरू

अवांतर : आयर्लंडच्या युरोच्या नाण्यावर हार्प असते ना? आणि त्या काळ्या बिअरच्या बाटलीवर पण?

लीट्रिमकर

हो. दोन्हीच्या मागे एकच वाद्य आहे, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ठेवलेली मध्ययुगीन हार्प. गिनेसने हार्पचं चिन्ह १८७६ मध्ये नोंदवून घेतलं होतं. १९२२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने हार्प घेतली ती उलट्या दिशेला तोंड करून.

आडवाटेचा_वाटसरू

हे भारी आहे! विषय निघालाच आहे तर, कॅरोलन पिणारा होता का? असे फिरस्ते कलावंत म्हटले की...

लीट्रिमकर

व्हिस्कीवर जीव होता त्याचा. त्याच्या दोन गोष्टी इकडे सांगतात.

एकदा डॉक्टरांनी व्हिस्की बंद केली. हा खंतावला, हार्पला हात लावेना. एक दिवस बॉइल गावातल्या दुकानात जाऊन म्हणाला, पीत नाही, फक्त वास घेऊ द्या. दुसरी गोष्ट ओ'फ्लिन नावाच्या खानसाम्याची. याने पेला मागितला, त्याने दिला नाही. कॅरोलनने तिथल्या तिथे दोन ओळी केल्या, अर्थ असा : नरकाच्या दारावर ओ'फ्लिनला बसवायला हवं होतं, म्हणजे आत कुणालाच जाता आलं नसतं!

उलट डॉक्टर जॉन स्टॅफर्ड यांनी त्याला पिण्याची मोकळीक दिली म्हणतात, तर त्यांच्या नावाने सुंदर धून झाली. तिला ‘कॅरोलनचं प्रिस्क्रिप्शन’ अशा अर्थाचंही नाव आहे.

शंकासुर

खानसाम्याला नरकाच्या दारावर बसवणारा माणूस भाट नसावा. एवढं मान्य करतो. 😄

जुनाट

चर्चा रंगली आहे, पण मूळ प्रश्न ‘पारंपरिक का लिहितात’ हा होता आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ते असं आहे.

कॅरोलनने स्वतः काही लिहून ठेवलं नाही. तो अंध होता आणि हार्पची विद्या मुखोद्गतच चालायची. त्याच्या चाली दोन वाटांनी पोचल्या. एक छापखान्याची वाट, म्हणजे नीलचा संग्रह आणि नंतरचे. त्यात चाली व्हायोलिन किंवा बासरीवर वाजवायच्या सोयीने छापलेल्या, हार्पचा पत्ता नाही. दुसरी वाट वाजवणाऱ्यांच्या हातांची. १७९२ च्या जुलैत बेलफास्टमध्ये हार्पवादकांचा मेळावा भरला. आयर्लंडभरातून जेमतेम दहा वादक जमले आणि एक वेल्सचा. त्यांत बरेच अंध, एक बाई, रोझ मूनी. एडवर्ड बंटिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला ते वाजवतील ते टिपून घ्यायला बसवलं होतं. कॅरोलनला जाऊन तोवर ५४ वर्षं झालेली.

बंटिंगने पुढे आयुष्यभर हे काम केलं आणि तीन संग्रह काढले, शेवटचा १८४० मध्ये. त्याचे उपकार आहेतच. पण त्याने चाली पियानोसाठी सजवून छापल्या. १८०२ मध्ये पॅट्रिक लिंच नावाच्या आयरिश जाणकाराला पश्चिमेच्या कॉनॅक्ट प्रांताकडे शब्द गोळा करायला पाठवलं, लिंचने ते भरभरून आणले, आणि छापील पुस्तकात मात्र ते आयरिश शब्द आलेच नाहीत. हस्तलिखितात राहिले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ती हस्तलिखितं आजही आहेत.

आता बघा. धुनेत फॅनीचं नाव कुठे होतं? शब्दांत. ते बाजूला पडले की उरतं फक्त शीर्षक. शीर्षक पाहून कुणाला कळणार ही कुणाची कोण? मग खेड्यापाड्यातल्या व्हायोलिनवाल्यांनी, बासरीवाल्यांनी ती नाचाच्या चालींबरोबर वाजवायला घेतली, आणि त्या गर्दीत ती ‘सगळ्यांची’ झाली. वर आणखी एक व्यवहारी कारण : पारंपरिक म्हटलं की कुणाची परवानगी लागत नाही, काही शोधावंही लागत नाही.

डोनल ओ'सलिव्हन यांनी १९५८ मध्ये कॅरोलनवरचा मोठा ग्रंथ काढला, त्यात दोनशेहून अधिक चाली, कोणती कुणासाठी, ते लोक कोण, कुठले, सगळं लावून दिलं. त्यानंतर तरी ‘पारंपरिक’ छापायला सबब राहत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन_तंबोरे

जुनाट, फार मोलाचा प्रतिसाद. एक भर घालतो, ‘एकच रचनाकार’ हेही फार ताणू नये. त्याची पहिली धून म्हणून सांगितली जाणारी ‘शी व्हेग, शी व्होर’ घ्या. लीट्रिममधल्या स्क्वायर रेनल्ड्सने म्हणे त्याचं वाजवणं ऐकून सुचवलं की तू बोटांपेक्षा जिभेने काही करून बघ, आणि जवळच्या दोन टेकड्यांवरच्या यक्षलोकांच्या लढाईची गोष्ट विषय म्हणून दिली. कॅरोलनने चाल केली, पण ओ'सलिव्हन यांच्या मते ती एका जुन्या चालीवर बेतलेली आहे. म्हणजे परंपरेतून घेणंही होतंच.

जुनाट

बरोबर. पण ‘परंपरेतून घेतलं’ आणि ‘पारंपरिक’ यांत फरक आहे. आपल्याकडे रागाची चौकट सगळ्यांची असते, तरी बंदिश सदारंगाचीच म्हणतो. खर्जातला यांनी वर तेच उदाहरण दिलंय.

पाऊलवाट

अंध माणूस अनोळखी घरात जाऊन तिथल्या माणसाची धून कशी करत असेल, याचा मी सकाळपासून विचार करतेय. चेहरा नाही दिसत. आवाज, पावलं, बोलण्याची लय, हात.

लीट्रिमकर

पाऊलवाट, हाताची एक कथा आहेच. तरुणपणी, डोळे जाण्याआधी, त्याचं ब्रिजेट क्रूझ नावाच्या मुलीवर प्रेम होतं. लग्न झालं नाही. पुष्कळ वर्षांनी तो लॉक डर्ग या तळ्यातल्या बेटावर यात्रेला गेला होता. परतताना एका बाईला नावेत चढायला त्याने हात दिला, आणि हात हातात येताच म्हणाला, हा ब्रिजेट क्रूझचा हात आहे. ती तीच होती. ही हकिकत बेलनगारच्या चार्ल्स ओ'कॉनर यांनी लिहिली आहे. ते त्याच्याकडे हार्प शिकले होते आणि त्यांनी ती त्याच्याच तोंडून ऐकली होती. ब्रिजेटच्या नावाने त्याच्या एकाहून जास्त चाली आहेत. तिने त्याला कधी काही बिदागी दिली नव्हती.

केळफूल

🥹

शंकासुर

हे वाचून गप्प बसलो आहे.

गिटारवाली

काय लिहू! एका ओळीच्या श्रेयासाठी विचारलं होतं. पत्रिकेसाठी हे लिहिलंय, बघा बरं :

‘फॅनी पॉवर. रचना : टर्लो ओ'कॅरोलन (१६७०–१७३८). गॉलवे परगण्यातील कूरहीनच्या फ्रान्सिस पॉवर हिच्यासाठी, १७३२ पूर्वी.’

‘पारंपरिक’ काढून टाकलं. सरांनाही दाखवलं, ते म्हणाले आता पुढच्या बॅचच्या कागदावरही असंच छापू.

जुनाट

उत्तम. त्यात ‘गिटारसाठी रूपांतर’ म्हणून ज्यांनी केलं असेल त्यांचंही नाव घाला, कारण चालीखालचा आधार, म्हणजे साथीचे खालचे स्वर, त्यांचा आहे. कॅरोलन दुसऱ्या हाताने नेमकं काय वाजवायचा ते कुणी टिपलं नाही. जुन्या संग्रहांत नुसती चाल असते, नाहीतर छापणाऱ्याने आपल्या मनाने जोडलेला आधार. आज जो कुणी ही धून वाजवतो त्याला ते स्वतः रचावं लागतं.

गिटारवाली

हो, घालते. तेवढ्यावरून शेवटचा प्रश्न. मला आधार फार भरगच्च वाटतोय. सर म्हणतात तार सुटी सोडू नको, दाबून थांबव. हार्पवर तर सगळ्या तारा घुमतच राहत असतील ना? मग मी का थांबवायच्या?

दोन_तंबोरे

याचं उत्तर जुन्या वाद्यातच आहे. आज आपण जी आयरिश हार्प बघतो ती आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांची, ती घडण एकोणिसाव्या शतकात डब्लिनच्या जॉन इगन यांच्यापासून रुळली. जुनी हार्प वेगळी. विलोच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली पेटी आणि पितळेच्या तारा. डाव्या खांद्याला टेकवायची, वरचे स्वर डाव्या हाताने आणि खालचे उजव्याने. मधोमध एकाच स्वरात लावलेल्या दोन तारा असत, त्यांना ‘बहिणी’ म्हणत. पितळेची तार छेडली की फार वेळ घुमते, म्हणून पुढचा स्वर लावताना आधीचा कुठल्या बोटाने थांबवायचा हे शिक्षणातच असायचं. कोणता स्वर घुमू द्यायचा आणि कोणता तोडायचा, अर्धं वादन तिथेच.

१७९२ च्या मेळाव्यात डेनिस हेम्पसन नावाचे वृद्ध वादक होते, नव्वदी ओलांडलेले. जमलेल्यांत एकटेच लांब नखांनी पितळेच्या तारा छेडणारे. बाकीचे बोटांच्या पेरांनी वाजवत होते. बंटिंगला त्यांच्या वाजवण्याचं फार अप्रूप वाटलं, आणि मागाहून तो त्यांच्या गावी जाऊनही चाली टिपून आला.

तेव्हा सर सांगतात ते बरोबर आहे. पहिल्या भागात खालची तार पूर्ण घुमू द्या, चाल वर चढायला लागली की ती तळव्याने थांबवा. आणि शक्य असेल तर पितळी तारांच्या हार्पवरचं वादन शोधून ऐका, नायलॉनवरचं नको.

लीट्रिमकर

रॉसकॉमनमध्ये कीड्यू म्हणून छोटं गाव आहे, तिथे दरवर्षी उन्हाळ्यात कॅरोलनच्या नावाने हार्पमहोत्सव भरतो. शेजारीच किलरोनन, तिथे त्याला पुरलंय. जवळच आल्डरफर्डचा वाडा, मॅकडरमॉट रो बाईंचा. आजारी पडल्यावर तो शेवटी त्यांच्याकडेच परत आला होता, तिथेच हार्प मागवून त्याने शेवटची चाल वाजवली. गेला तेव्हा चार दिवस लोक जमत होते. पुढच्या महोत्सवाला जमलं तर पितळी तारांवर वाजवणाऱ्या कुणाकडून तरी ‘फॅनी पॉवर’ रेकॉर्ड करून इथे टाकतो. परवानगी घेऊन.

गिटारवाली

नक्की टाका दादा! तोपर्यंत मी ‘मिसेस पॉवर’ बसवायला घेते. कुणाकडे तिचं गिटारसाठीचं सोपं नोटेशन असेल तर कळवा, दुसऱ्या भागातल्या जलद जागा अजून हातात बसत नाहीयेत.